खुर्ची घेऊन आलेला माणूस

आमच्या घरात ही गोष्ट मी काढली की बायको ताटं गोळा करायला उठते, जेवणं अर्धवट असली तरी. गोष्टीतला एक इसम तिचा सख्खा धाकटा भाऊ आहे आणि तो तिच्यात फारसा शोभून दिसत नाही, हे एक कारण. दुसरं असं की तिच्यात मीही आहे, आणि मी कुठल्याच गोष्टीत शोभत नाही हे तिला लग्न झाल्यापासून माहीत आहे. तरी मी सांगतो. ज्यांची ही गोष्ट आहे ते गृहस्थ स्वतः ती कधी सांगायचे नाहीत, आणि मेहुणा सांगतो ती भलतीच असते.

त्या गृहस्थांना आम्ही भाऊ म्हणायचो. पोलादपूर तालुक्यातलं कापडे हे त्यांचं गाव. सारी उमर मुंबईत संगणकाच्या कामात घालवून ते भातशेती करायला म्हणून गावी परतले होते. पहिल्या वर्षी त्यांनी शेतात काय प्रयोग केले कोण जाणे, पण दुसऱ्या वर्षी त्यांच्या चुलतभावानं हात जोडून त्यांना बांधावर यायची बंदी केली, असं ऐकलं. तेव्हा मेहुण्यानं त्यांना गाठलं.

मेहुण्याचा धंदा डब्यांचा. महाडच्या औद्योगिक वसाहतीत पाळ्यांवर जाणारी माणसं बिरवाडीत खोल्या करून राहतात, एकेका खोलीत चारचार, पाचपाच. त्यांना डबा लागतो. आमचं स्वयंपाकघर खाली आणि ऑफिस वर. वर अशासाठी, की खाली कागदपत्रं ठेवायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. नदी कधी येऊन वाचून जाईल सांगता येत नाही. आधी सगळ्या ऑर्डरी फोनवर यायच्या. मग काहीजण खिडकीवर येऊन डबा न्यायला लागले. मग मेहुण्याला मुंबईत कोणीतरी भेटलं आणि ॲप आलं. ॲपपाठोपाठ भाऊ आले, आणि माझं रंगाचं दुकान नुकतंच बसलं होतं म्हणून मीही आलो. मला ग्राहक विभागाचं प्रमुख केलं. विभागात मी आणि फोनवर ऑर्डरी घेणाऱ्या वहिनी. काम वहिनी करायच्या, प्रमुख मी होतो.

भाऊ पहिल्या दिवशी आले ते डब्यांच्या टेंपोतून, मांडीशी खुर्ची धरून. सागवानी खुर्ची, वेताची बैठक, डावा हात जरा सैल. मेहुण्यानं त्यांच्यासाठी चाकांची फिरती खुर्ची आणून ठेवली होती, तिच्यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. भाऊंनी ती पायानं माझ्याकडे ढकलली.

"दुसऱ्याच्या खुर्चीवर बसलं की दुसऱ्यासारखं बोलावं लागतं," ते म्हणाले. "तुम्ही बसा, पाव्हणे."

मालकाच्या बहिणीचा नवरा म्हणून मी त्यांचा पाव्हणा झालो तो शेवटपर्यंत. नावानं हाक मारली असती तर मी कामाचा माणूस आहे असा माझा उगाच गैरसमज झाला असता. त्या फिरत्या खुर्चीवर मी अजून बसतो. ती माझ्यासाठी नव्हती हे मी विसरलेलो नाही.

संध्याकाळी निघताना भाऊ आपली खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवत, हॉटेल बंद करताना ठेवतात तशी. आमचा डबा त्यांनी कधी खाल्ला नाही. घरून नाचणीची भाकरी आणि लसणीची चटणी आणायचे आणि खालून फोडणीचा वास वर आला की खिडकी लावून घ्यायचे. मेहुणा एकदा दुखावून म्हणाला, "भाऊ, आपल्याच घरचं अन्न आहे."

"ज्याचं मोजायचं त्याचं खायचं नाय," भाऊ म्हणाले.

मोजायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं. माणूस ॲप उघडतो, कुठे बोट लावतो, कुठे थबकतो, कुठून मागे फिरतो, हे सगळं नोंदवायचं आणि त्याचे तक्ते काढायचे. ह्याला प्रॉडक्ट ॲनालिटिक्स म्हणतात. हे मला भाऊंनी शिकवलं आणि मी ते घरी इतक्या वेळा उच्चारलं की सासूबाईंनी बायकोला विचारलं, जावयांना हे कधीपासून आहे आणि औषध कोणाचं चालू आहे.

ती सगळी मांडणी भाऊंनी एकट्यानं, त्या खुर्चीत बसून उभी केली. लहानशी, पण कुठेही बोट ठेवा, उत्तर मिळायचं. आणि तिच्यात एक विक्षिप्तपणा होता. एखादा तक्ता, एखादा रकाना बिनकामाचा वाटला की ते तो कोणालाही न सांगता काढून टाकायचे आणि गप्प बसून वाट बघायचे, कोण ओरडतं. कोणी ओरडलं की लगेच परत. नाही ओरडलं तर तो गेला. माझा एक लाडका तक्ता होता, चार रंगांचा, गोल, पापडासारखा. कोणत्या वाडीतून किती गिऱ्हाईक, असा. बैठकीत मी तो दाखवायचो. भाऊंनी तो पावसाळ्यात काढला आणि दिवाळीच्या सुमारास मला विचारलं, "पाव्हणे, तुमचा पापड कुठंय?" मला आठवेचना तो शेवटचा कधी बघितला ते.

"मग?" ते म्हणाले. "जगलात ना त्याच्याशिवाय?"

असाच त्यांनी शेऱ्याचा रकाना काढला. ॲपमध्ये ऑर्डरच्या तळाशी एक रिकामा चौकोन होता, 'काही सांगायचं आहे?' म्हणून. तसाच वहिनींच्या फोनच्या तक्त्यात 'शेरा' असा रकाना. चौकोनात लोक काय लिहायचे? 'लवकर'. 'भूक लागली'. एकानं आपल्या बैलाचा फोटो टाकायला जागा कुठे आहे असं विचारलं होतं. एकानं मेहुण्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही. आणि वहिनी तर त्या रकान्यात कधी काही लिहीतच नसत. त्यांची पद्धत वेगळी होती. फोन कानाला तसाच धरून त्या जिन्यावर वाकायच्या आणि खाली ओरडायच्या, "मागच्या चाळीतल्या शेवटच्या खोलीला भात जास्त द्या गो! त्याला खोकला झालाय, लोणचं नको!" खालून "हो गो" आलं की झालं. भाऊंनी चौकोन काढला, रकाना काढला, वाट बघितली. कोणी ओरडलं नाही.

मेहुण्याचा आवडता शब्द 'होईल'. नळ गळतोय, होईल. पगाराचं बघा, होईल. भाऊंना हा शब्द सहन व्हायचा नाही. कोणी होईल म्हटलं की ते मान वर न करता विचारायचे, "कोण करणार? आणि कधी?" दोन्हीची उत्तरं मिळेपर्यंत त्या माणसाला दारातून हलू द्यायचे नाहीत. त्यामुळे पुढेपुढे मेहुणा त्यांच्यासमोर होईल म्हणायचा नाही, जिन्यात गेल्यावर म्हणायचा.

तर असं बरं चाललेलं असताना मुंबईच्या ज्या लोकांनी धंद्यात भांडवल घातलं होतं त्यांनी मेहुण्याला विचारलं, तुमच्याकडे कस्टमर डेटा प्लॅटफॉर्म आहे का? नाही म्हणताना त्याला इतकी लाज वाटली की तो परत येताना पेणला नेहमीचा चहासुद्धा प्यायला नाही. आल्याआल्या म्हणाला, "भाऊ, तो आणायचा. तुम्ही फक्त अभ्यास करून हो म्हणा."

"अभ्यास करायचा असेल तर नायपण म्हणता येतं," भाऊ म्हणाले.

मग पुण्याहून एक विक्रेता आला. चांगला मुलगा होता, जिन्यात चपला काढून वर आला. पडद्यावर त्यानं एक माणूस दाखवला आणि त्या माणसाकडे चहूबाजूंनी बाण. ॲपमधून, फोनवरून, खिडकीवरून, जिथून म्हणून हे गिऱ्हाईक येतं तिथली त्याची माहिती हे यंत्र गोळा करतं, तो एकच माणूस आहे हे ओळखून एका ठिकाणी जोडतं आणि तुमच्या बाकीच्या सगळ्या यंत्रांना वाटतं. मला तर ते बघूनच पटलं. मला पडद्यावरचं काहीही पटतं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे आलं की सोमवारी सकाळी आमच्यातला कोण, कुठलं काम वेगळं करील?"

विक्रेत्यानं मेहुण्याकडे बघितलं, मेहुण्यानं माझ्याकडे.

"सांगा ना भावोजी," मेहुणा म्हणाला. "ग्राहक तुमच्याकडे."

"सगळंच वेगळं होईल," मी म्हटलं.

"एक सांगा, पाव्हणे."

मला सुचलं ते सांगितलं. "गिऱ्हाईक सोडून का जातं ते कळेल."

"ते आत्ता कळेल. गेलेल्या एकाला फोन लावा."

सगळ्यांसमोर मला फोन लावावा लागला. ज्याला लावला त्याला मी आधीच परत या म्हणून सवलतीचे दोन निरोप पाठवलेले होते. तो म्हणाला, "साहेब, बायको आलीय ना गावावरून. आता घरी जेवतो. तुम्ही कशाला सारखं बोलावताय, ती विचारते ही कोण हाय."

विक्रेतासुद्धा हसला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी शांतपणे मांडलं. गिऱ्हाईक आपल्याकडे तीनच वाटांनी येतं, आणि तिन्हीकडे त्याचा मोबाइल नंबर एकच असतो. जोडून बघायची वेळ आलीच तर मी शनिवारी बसून जोडतो, आजवर ती दोनदासुद्धा आलेली नाही. ॲपमध्ये लोक काय करतात ते आहे त्या मांडणीत दिसतं. उद्या वाटा वाढल्या, किंवा ही माहिती जोडलेली नाही म्हणून एखादं काम खरोखर अडलं, तर मीच येऊन सांगेन की आणा. आज नको.

"आणि अडलं, पण तुम्हाला कळलंच नाही तर?" मेहुणा म्हणाला. खरं सांगायचं तर त्याच्या आयुष्यातला तो एवढा एकच चांगला प्रश्न.

भाऊंनी खुर्चीच्या सैल हातावर थाप मारली. "तर ही उचलतो आणि जातो. माझी हाय, तुम्हाला काय परत द्यायला नको."

विषय तिथं मिटला. म्हणजे आम्हाला वाटलं मिटला. मेहुण्याच्या मनात तो खुर्चीचा हात वाजत राहिला असणार, कारण त्यानंतर तो येताजाता त्या खुर्चीकडे बघायचा, घरमालक भाडेकरूच्या सामानाकडे बघतो तसा. आणि भाऊ ह्या बैठकीनंतर जरा जास्तच ताठ झाले हेही मला सांगायला हवं. आता ते कोणी काही नवीन मागितलं की प्रश्न संपायच्या आत नको म्हणायचे. बरोबर असायची सवय वाईट. मला ती कधी लागली नाही, पण लागलेल्यांना मी बघितलंय.

आता त्या गिऱ्हाइकाबद्दल. पोलादपूरच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतला तो. घरी शेरडं आणि म्हशी. वसाहतीत ठेकेदाराकडे लागला होता आणि बिरवाडीत मागच्या चाळीत खोलीत राहायचा. रोज फोनवर डबा सांगायचा आणि दरवेळी शेवटी एकच वाक्य, "वहिनी, सुकट नको गो." वहिनी जिन्यावर वाकून खाली सांगायच्या, "डोंगरवाल्याला सुकट नको!" खालच्या बायका हसायच्या. त्यांना वाटायचं, डोंगरातला आहे, मासळीचा वास सोसत नाही. कारण कोणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही.

इथं आमच्याकडची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खोऱ्यातल्या आम्हा लोकांच्या स्वयंपाकघरात सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, ही मासळी नव्हेच, तो मसाला आहे. वांगं असो, दुधी असो, चव आली नाही असं वाटलं की मूठभर सुकट भाजून, वाटून रश्श्यात सोडायची. शाकाहारी डबा वेगळा निघतो, त्यात नाही घालत. पण 'साधा डबा' असेल तर त्यात सुकट आहे की नाही हे ज्या बाईच्या हातात पळी तिच्या मनावर. ॲपमध्ये लिहिताना आम्ही नुसतं 'वांग्याची भाजी' लिहायचो. त्यात काही लपवतोय असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. खिचडीत हिंग आहे असं कोणी लिहितं का?

मेहुण्यानं तेवढ्यात फर्मान काढलं, फोन कमी करायचे, ॲप वाढवायचं, मुंबईला आकडे दाखवायचेत. वहिनी बिचाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागल्या, "उद्यापासून ॲपवर सांगा हां." तो डोंगरातला पोरगाही ऐकणारा होता. त्यानं ॲपवर साधा डबा मागवला. वांग्याची भाजी.

पाळी संपवून आला, भुकेला, आणि जेवला. जेवताजेवता ओठ सुजले, घसा दाटला, श्वास लागेना. खोलीतल्या दोघांनी त्याला मोटारसायकलवर मध्ये धरून महाडला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी वेळेवर इंजेक्शन दिलं म्हणून वाचला. लहानपणी एकदा असंच झालं होतं, तेव्हापासून आई सुकटीला हात लावू देत नव्हती, हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं. आम्हाला ते चाळीतल्या माणसाकडून कळलं. वाचला, पण आठवडाभर कामावर जाऊ शकला नाही आणि ठेकेदारानं त्याच्या जागी दुसरा घेतला. तो वर वाडीला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणा ऑफिसात आला तो उभाच राहिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"भाऊ, तो रोज फोनवर सांगायचा. फोनला माहीत होतं. ॲपला माहीत नव्हतं. दोन्ही जोडलेलं असतं तर?"

मला मेहुण्याचंही पटत होतं आणि भाऊंचा चेहराही बघवत नव्हता. भाऊ वहिनींकडे वळले.

"वहिनी, तो सांगायचा ते तुम्ही लिहायच्या कुठे?"

"लिहायला जागा कुठं हाय, भाऊ?" वहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "मी आपली वरडून सांगायची."

भाऊ मान हलवून आपल्या पडद्याकडे वळले. काहीतरी उघडून बराच वेळ बघत बसले. पाठ आमच्याकडे होती. मग त्यांनी यंत्र बंद केलं, भाकरीचं फडकं पिशवीत भरलं आणि खुर्ची उचलली. त्या अरुंद जिन्यातून ती उतरवताना सैल हात कठड्याला दोनदा अडकला. मी पुढे झालो.

"राहू द्या, पाव्हणे. माझी मला उतरवता येते."

डब्यांचा टेंपो उभा होता. त्यात बसले नाहीत. रिक्षाच्या टपावर खुर्ची बांधून गेले. मेहुणा वरून बघत होता. म्हणाला, "शब्दाला जागला बाकी." वहिनींनी त्या दिवशी एकही फोन उचलला नाही.

मग प्लॅटफॉर्म आला. संगणकासमोर नारळ फोडला, पाणी चटकन पुसून घेतलं. मुंबईची माणसं फोटोपुरती आली. फोनच्या ऑर्डरी, खिडकीच्या, ॲपच्या, सगळ्या धारा एकत्र आल्या आणि प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान तयार झालं. मेहुणा आता बैठकीत सांगतो की तो एक प्रकार घडला आणि आम्ही त्यातून शिकलो. तो प्रकार असं म्हणताना तो हात असा करतो, भाताच्या ताटावरची माशी हाकलावी तसा.

काही महिन्यांनी, हाताला काम नव्हतं म्हणून, मी त्या डोंगरातल्या पोराचं पान उघडलं. सुंदर पान होतं. त्यानं फोनवर किती डबे मागवले, खिडकीवरून कधी नेला, ॲप कधी उतरवून घेतलं, सगळं एकाखाली एक. मी वरपासून खालपर्यंत वाचलं. सुकट हा शब्द कुठेही नव्हता. कसा असणार? कोणी कधी लिहिलाच नव्हता. जोडायला होतं काय? तिन्ही वाटा जोडल्या असत्या, दहा यंत्रं आणली असती, तरी त्या पोराच्या डब्यात सुकट पडलीच असती.

म्हणजे भाऊ बरोबर होते. मला इतका आनंद झाला की मी तसाच उठलो. घरी बायकोला म्हटलं, कापड्याला जाऊन येतो. ती म्हणाली, "खुर्ची परत आणायला निघालात की काय?" खरं म्हणजे हो. मनात मी ती खुर्ची टेंपोत चढवलीसुद्धा होती.

भाऊ ओटीवर बसले होते, त्याच खुर्चीत. समोर खळ्यात भात झोडणी चालू होती आणि चुलतभाऊ त्यांना तिकडे फिरकू देत नव्हता हे उघड दिसत होतं. मला बघून त्यांनी पाणी मागवलं. मी पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. पान उघडलं, वाचलं, सुकट कुठे नाही, तुम्ही बरोबर होतात, मेहुण्याला मी स्वतः दाखवतो, तुम्ही चला.

त्यांनी ऐकून घेतलं. "ठाऊक हाय मला," म्हणाले. "त्याच दिवशी ठाऊक होतं."

"मग उठलात कशाला?"

"डबा मागवला त्या दिवसाचं ॲपचं वाचलंत का पानात? त्यानं काय काय केलं?"

वाचलं होतं. ते काही विशेष नव्हतं. मी आठवून सांगितलं. त्यानं साधा डबा निवडला, तळापर्यंत गेला. वर आला. परत तळापर्यंत गेला. मदतीचं पान उघडलं, बंद केलं. परत तळाला. मग ऑर्डर दिली. "नेट गेलं असेल," मी म्हटलं. "डोंगरातला माणूस, नवीन ॲप, गोंधळला असेल."

"गोंधळला नाय, पाव्हणे," भाऊ म्हणाले. "जागा शोधत होता."

मला उशिरा कळतं, पण कळलं. मला तो चौकोन आठवला, बैलाच्या फोटोवाला.

"कोणी वरडलं नाय म्हणून काढला मी तो," ते म्हणाले. खुर्चीच्या हातावरून त्यांचा अंगठा पुढेमागे फिरत होता. "वरडणारी बाई जिन्यात वरडत होती. रोज ऐकत होतो मी. मला वाटायचं, काय कटकट हाय. ते यंत्र नको म्हटलं ते बरोबरच होतं, आजपण तेच सांगीन. पण तुमच्या मेहुण्यानं मला ज्याच्यासाठी घालवला ना, त्याच्यासाठी नाय गेलो मी."

मी म्हटलं, हे त्याला तेव्हाच का नाही सांगितलंत.

"सांगून काय? त्यानं यंत्र आणलंच असतं. आणि वर मलाही ठेवून घेतला असता." मग म्हणाले, "तो पोरगा पोलादपूरच्या बाजाराला येतो शेरडं घेऊन. भेटतो मला. बरा बोलतो. मी कोण ते त्याला ठाऊक नाय."

खळ्यातून चुलतभावानं हाक मारली, भाऊ, ऊन आलं तुमच्यावर, आत सरका. भाऊ सरकले नाहीत. माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत आमच्या ऑफिसातली ती जुनी चमक आली, कोणाला तरी दारात अडवायच्या वेळची.

"तो चौकोन परत घातलात?"

मी पाणी प्यायलो. भांडं रिकामं होतं तरी प्यायलो. प्लॅटफॉर्म आल्यावर सगळ्यांना वाटलं होतं की आता झालं. फोन बंद झाले, वहिनींना खाली भाज्या चिरायला बसवलं, जिन्यातून आता कोणी ओरडत नाही. वांग्याच्या भाजीला ॲपमध्ये अजून वांग्याची भाजीच म्हणतात.

"घातलात का, पाव्हणे?"

"होईल," मी म्हटलं.

कोण आणि कधी, ह्याची मी वाट बघत होतो. त्यांनी विचारलं नाही. उठले, खुर्ची उचलली आणि आत नेऊन ठेवली.